रिपोर्ट नॉर्मल, मग आजार कुठे?

मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षी कविता, ट्रेकची वर्णनं आणि मेसच्या जेवणावरचे विनोद भरपूर असतात. त्यात मेंदूच्या एमआरआयवरचा लेख बघून काहीजण पान उलटतील. पण हा विषय मला पुस्तकात नाही, आमच्या रूममध्येच भेटला, म्हणून लिहितोय.

सेकंड इयरच्या सबमिशनच्या दिवसांत माझा रूम पार्टनर अचानक बदलला. रात्री जेमतेम दोन तास झोपायचा आणि तरी सकाळी एकदम ताजा. आम्हाला वाटलं, पठ्ठ्या नाइट मारतोय. मग तो इतकं भराभर बोलायला लागला की आम्हाला मध्ये एक शब्द टाकता येईना. स्वतःची कंपनी काढणार, प्रिन्सिपॉल सरांना भागीदार घेणार, असं सगळ्यांना सांगत फिरायचा. फीसाठी घरून आलेले पैसे चार दिवसांत उडवले. शेवटी मेसवाल्या काकांच्या अंगावर धावून गेला तेव्हा रेक्टर सरांनी घरी फोन केला आणि वडील येऊन त्याला घेऊन गेले. डॉक्टरांनी निदान केलं, बायपोलर डिसऑर्डर. गोळ्या सुरू झाल्या आणि महिना-दीड महिन्यात तो बराच सावरला.

त्यानंतर नातेवाइकांच्या आग्रहामुळे घरच्यांनी मेंदूचा एमआरआय काढला. सहा-सात हजार रुपये गेले. रिपोर्ट आला, सगळं नॉर्मल. झालं! 'मेंदूत काही सापडलं नाही, मग पोराला एवढ्या गोळ्या कशाला?' असं घरात सुरू झालं. खरं सांगायचं तर फोनवर मीही त्याला हेच म्हणालो. त्याने गोळ्या बंद केल्या. तीन महिन्यांनी दुसरा झटका आला, पहिल्यापेक्षा मोठा, आणि त्याचं अख्खं वर्ष गेलं.

आता तो परत आलाय. औषध नियमित घेतो, जर्नल माझ्या आधी पूर्ण करतो. हा लेख छापायला देण्याआधी त्याने वाचलाय आणि ओळख पटेल असे तपशील आम्ही दोघांनी मिळून बदललेत. परत आल्यावर त्याने मला विचारलं होतं, "अरे, नेटवर वाचलं की या आजारात मेंदू आक्रसतो. माझा रिपोर्ट तर नॉर्मल आहे. मग खरं काय?" मी इन्स्ट्रुमेंटेशनचा विद्यार्थी. मोजमाप हाच आपला धंदा. तेव्हा या प्रश्नाचं उत्तर शोधायचं मी ठरवलं.

आधी आजाराविषयी

सकाळी खूश आणि संध्याकाळी नाराज, याला बायपोलर म्हणत नाहीत. ते तर व्हायवाच्या दिवशी आपल्या सगळ्यांचंच होतं. बायपोलरमध्ये दोन टोकं असतात. एका टोकाला उन्माद, म्हणजे मेनिया. मन कमालीचं चढलेलं किंवा चिडलेलं, झोपेची गरजच वाटत नाही, विचार धावतात, खर्च आणि धाडस यांना धरबंध राहत नाही. हे किमान आठवडाभर टिकलं, किंवा त्याआधीच ॲडमिट करायची वेळ आली, तर त्याला मेनिया म्हणतात. दुसऱ्या टोकाला नैराश्य, तेही किमान दोन आठवडे. सौम्य उन्माद आणि मोठं नैराश्य असाही एक प्रकार आहे, त्याला टाइप टू म्हणतात. मधल्या काळात माणूस बऱ्याचदा अगदी आपल्यासारखा असतो.

आपल्या देशात २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं. त्यात आयुष्यात कधीतरी हा आजार झालेल्या प्रौढांचं प्रमाण साधारण ०.५ टक्के आलं, म्हणजे हजारात पाच. आणि आजार बऱ्याचदा सुरू होतो तो अठरा ते पंचवीसच्या आसपास. म्हणजे आपल्याच वयात.

मशीन नेमकं काय बघतं?

एमआरआय म्हणजे साधा फोटो नव्हे. त्यात क्ष-किरणही नसतात. आपल्या शरीरात पाणी भरपूर, आणि पाण्यात हायड्रोजन. हायड्रोजनचं केंद्रक हे एका चिमुकल्या चुंबकासारखं वागतं. दवाखान्यातलं नेहमीचं मशीन १.५ टेस्लाचं असतं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण तीस हजार पट. एवढ्या क्षेत्रातसुद्धा क्षेत्राच्या दिशेने वळलेली केंद्रकं उलट दिशेच्या केंद्रकांपेक्षा दहा लाखांमागे फक्त पाचेकच जास्त असतात. त्या पाचांवर सगळा खेळ चालतो.

ही केंद्रकं ठराविक वारंवारतेने भोवऱ्यासारखी डुलतात. एका टेस्लाला ४२.५८ मेगाहर्ट्झ, म्हणजे १.५ टेस्लाला साधारण ६४. हे आपल्या एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या थोडं खाली येतं, म्हणून एमआरआयची खोली तांब्याच्या पत्र्याने मढवलेली असते. नाहीतर बाहेरचे रेडिओ सिग्नल आत शिरून चित्र बिघडवतील. त्याच वारंवारतेची रेडिओलहर दिली की केंद्रकं ऊर्जा घेतात, लहर बंद केली की पूर्ववत होताना सिग्नल देतात. पांढऱ्या भागातली केंद्रकं लवकर पूर्ववत होतात, करड्या भागातली जरा उशिरा आणि मेंदूतल्या पाण्यातली सगळ्यात सावकाश. या फरकातून काळं-पांढरं चित्र तयार होतं.

सिग्नल कुठून आला हे कसं कळतं? त्यासाठी ग्रेडियंट कॉइल वापरून क्षेत्र जागेप्रमाणे किंचित बदलतात. जागा बदलली की वारंवारता बदलते. मशीनमधला तो ठकठक आवाज या कॉइलचाच. मग फुरियर ट्रान्सफॉर्म लावून वारंवारतेवरून जागा काढतात. एम-थ्रीच्या तासाला 'याचा उपयोग काय?' असं विचारणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. या पद्धतीचा पाया घालणाऱ्या पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चं नोबेल मिळालं.

रेडिओलॉजिस्ट हे चित्र डोळ्यांनी बघतात. गाठ आहे का, रक्तस्राव आहे का, जुना मार आहे का, हे ते शोधतात. संशोधक मात्र एकेक घन मिलिमीटरचे ठोकळे कॉम्प्युटरकडून मोजून घेतात. या भागाचं आकारमान किती, वरच्या सालीची जाडी किती, हे आकड्यांत काढतात. माझ्या मित्राचा रिपोर्ट 'नॉर्मल' आला तो पहिल्या अर्थाने. म्हणजे गाठ नाही, रक्तस्राव नाही. बायपोलर आहे की नाही, हा प्रश्न त्या रिपोर्टला विचारलेलाच नव्हता आणि त्याचं उत्तर त्यात असणंही शक्य नव्हतं.

फरक आहे, पण केवढा?

पूर्वीचे अभ्यास वीस-पंचवीस पेशंटवर व्हायचे. एकात एक भाग लहान निघायचा, दुसऱ्यात तोच मोठा. ही भानगड सोडवायला जगभरच्या प्रयोगशाळांनी एनिग्मा नावाच्या प्रकल्पात आपापले स्कॅन एकाच पद्धतीने मोजून निकाल एकत्र केले. २०१६ मध्ये त्यांच्या बायपोलर गटाचा अभ्यास आला. १,७१० पेशंट आणि २,५९४ निरोगी माणसं. त्यात आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पस आणि मेंदूचं जंक्शन म्हणता येईल असा थॅलॅमस, हे दोन्ही पेशंटच्या गटात सरासरीने थोडे लहान निघाले. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या थोड्या मोठ्या निघाल्या. २०१८ मध्ये मेंदूच्या सालीचा अभ्यास आला. कपाळामागचा, कानाजवळचा आणि वरचा, अशा भागांत साल सरासरीने पातळ होती. २०१९ मध्ये जोडणाऱ्या तंतूंचा अभ्यास झाला, त्यात डाव्या-उजव्या मेंदूला जोडणाऱ्या जाड पट्ट्यात आणि भावनांशी संबंधित सिंग्युलम नावाच्या तंतूंच्या जुडग्यात फरक ठळक दिसला.

म्हणजे फरक खरा आहे. आता तो केवढा ते बघू. हिप्पोकॅम्पसमधला फरक प्रमाण विचलनाच्या ०.२३ पट होता. हे समजायला उंचीचं उदाहरण घ्या. समजा दोन कॉलेजांतल्या मुलांच्या उंचीचं प्रमाण विचलन ६.५ सेंटिमीटर आहे. मग ०.२३ पट फरक म्हणजे सरासरीत दीड सेंटिमीटर. आता एखाद्या मुलाची उंची मोजून तो कोणत्या कॉलेजचा ते सांगा बघू! नाही जमणार. मी नॉर्मल डिस्ट्रिब्युशन धरून हिशोब केला. दोन्ही आलेख जवळजवळ ९१ टक्के एकमेकांवर बसतात. एक पेशंट आणि एक निरोगी माणूस अशा शंभर जोड्या घेतल्या, तर त्यातल्या ५६-५७ जोड्यांत पेशंटचा हिप्पोकॅम्पस लहान असेल आणि उरलेल्या ४३-४४ जोड्यांत निरोगी माणसाचा!

सालीचंही तसंच. साल मुळात दोन ते चार मिलिमीटर जाड. फरक मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढा. हजारो माणसांची सरासरी काढली म्हणून तो दिसतो. एका माणसाच्या फिल्मवर तो डोळ्याला दिसण्यासारखा नाहीच.

मग कॉम्प्युटरला जमेल का?

आपल्यापैकी निम्मे लोक हल्ली मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट करतायत, तेव्हा हा प्रश्न येणारच. एनिग्मानेच तो करून बघितला. २०२० मध्ये १३ ठिकाणचे ३,०२० स्कॅन घेऊन कॉम्प्युटरला शिकवलं. सगळा डेटा एकत्र केल्यावर अचूकता ६५ टक्के आली. पण एक ठिकाण पूर्ण बाजूला ठेवून, बाकीच्यांवर शिकवून, त्या न पाहिलेल्या ठिकाणी तपासलं तेव्हा ती ५९ टक्क्यांच्या आत आली. नाणं उडवलं तर ५० टक्के, हे लक्षात असू द्या.

६५ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, असं वाटेल. पण समजा हजार मुलांच्या हॉस्टेलमध्ये ही टेस्ट लावली. आजारी मुलं पाच. त्यातली तीन सापडतील, दोन सुटतील. उरलेल्या ९९५ पैकी ३५ टक्के, म्हणजे ३४८ मुलांवर उगाच शिक्का बसेल. ३५१ जणांना 'तू बायपोलर' असं सांगायचं, आणि खरे त्यातले तीन! अशी टेस्ट कोणता डॉक्टर वापरेल?

मोजमापातल्या भानगडी

लॅबमध्ये रीडिंग चुकलं की सर विचारतात, "इन्स्ट्रुमेंट तपासलं का?" इथेही तेच विचारावं लागतं. स्कॅन चालू असताना डोकं किंचित हललं तरी साल पातळ असल्यासारखी दिसते. आणि अस्वस्थ माणूस जास्त हलणारच. दारू, वय, वजन, दुसरे आजार, चालू औषधं, या सगळ्यांचा परिणाम आकड्यांवर होतो. मेंदूत चालणारं काम दाखवणाऱ्या फंक्शनल एमआरआयमध्ये तर आणखी जपावं लागतं. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा मशीनमध्ये ठेवला आणि त्याला माणसांचे फोटो दाखवले. हजारो ठिकाणच्या चाचण्यांची नीट दुरुस्ती न करता आकडेमोड केली, तर मेलेल्या माशाचा मेंदूही 'काम करताना' दिसला! दुरुस्ती केल्यावर ते ठिपके गेले. त्यांना २०१२ चं इग नोबेल मिळालं, पण धडा गंभीर आहे.

लिथियमची गोष्ट

बॅटरीतलं लिथियम आपल्याला माहीत आहे. तेच मूलद्रव्य क्षाराच्या रूपात बायपोलरचं एक जुनं आणि खात्रीचं औषध आहे. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी दहा उन्मादी रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यातला पहिला रुग्ण वर्षानुवर्षं उन्मादात होता. तो बरा होऊन घरी गेला, औषधाची हेळसांड केली, मग बंदच केलं आणि काही आठवड्यांत परत दवाखान्यात आला. हे वाचताना मला माझा रूम पार्टनर आठवला. पुढे १९५० मध्ये तोच रुग्ण लिथियमच्या विषबाधेने गेला. तेव्हा रक्तातली पातळी तपासायची सोय नव्हती. आज ती आहे, म्हणून लिथियम घेणाऱ्यांची रक्ततपासणी वेळच्या वेळी करतात, मूत्रपिंड आणि थायरॉइडवरही लक्ष ठेवतात.

२००० मध्ये एका छोट्या अभ्यासात दहा पेशंटना चार आठवडे लिथियम दिल्यावर आठ जणांच्या मेंदूतला करडा भाग वाढलेला दिसला. एनिग्माच्या अभ्यासांतही लिथियम घेणाऱ्यांचा थॅलॅमस मोठा आणि साल जाड आढळली. आता लिथियमने पेशी सांभाळल्या, की एमआरआयचा सिग्नलच बदलला? लिथियममुळे सिग्नल बदलून भाग मोठा 'दिसू' शकतो, असं दाखवणारं कामही झालंय. म्हणजे वाद अजून मिटलेला नाही. पण औषधाने झटके कमी होतात हे सिद्ध करायला एमआरआयची गरज नाही. ते माणसांच्या आयुष्यावरूनच सिद्ध झालंय.

आक्रसतच जातो का?

मित्राला खरी भीती याची होती. वरचे बहुतेक अभ्यास एकाच वेळचे आहेत. त्यावरून फरक आजाराने झाला, आधीपासून होता की औषधाने झाला, हे ठरत नाही. म्हणून तीच माणसं काही वर्षांनी परत स्कॅन करावी लागतात. २०२२ मध्ये एनिग्माचा असा अभ्यास आला, ३०७ पेशंट आणि ९२५ निरोगी. पोकळ्या पेशंटमध्ये जरा वेगाने वाढल्या. पण साल सगळीकडे वेगाने पातळ होते असं मुळीच आढळलं नाही. काही भागांत तर ती निरोगी लोकांपेक्षा सावकाश पातळ झाली. मात्र ज्यांना मधल्या काळात उन्मादाचे जास्त झटके आले, त्यांच्यात कपाळामागची साल जास्त वेगाने पातळ झाली होती. नुसत्या संबंधावरून कारण ठरत नाही, हे मान्य. तरी झटका टाळणं फायद्याचं आहे, हे सांगायला एवढं पुरे.

तर मित्राला मी दिलेलं उत्तर असं. तुझ्यासारख्या हजारो लोकांच्या सरासरीत छोटा फरक आहे. तुझ्या एकट्याच्या मेंदूत तो आहे की नाही हे तुझा स्कॅन सांगू शकत नाही, आणि त्याने उपचारातही काही बदलत नाही. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे गाठ वगैरे नाही, ही चांगली बातमी. पण त्याचा अर्थ 'आजार नाही' असा होत नाही. डॉक्टर एमआरआय किंवा थायरॉइडची तपासणी सांगतात ती दुसरं कारण नाही ना, हे बघायला. बायपोलरचं निदान होतं ते झोप, बोलणं, खर्च, वागणं यांचा इतिहास नीट ऐकून. आणि तो इतिहास आई-वडिलांपेक्षा बऱ्याचदा रूम पार्टनरला जास्त माहीत असतो.

हॉस्टेलमध्ये आपण काय करू शकतो?

पहिलं, कोणी चार-पाच दिवस जवळजवळ न झोपताही थकत नसेल, बोलणं आणि खर्च सुटला असेल, तर त्याचे व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नका. रेक्टर सरांना किंवा घरच्यांना सांगा. ती चहाडी नव्हे. डॉक्टरांनी विचारलं तर काय बघितलं ते तारीखवार सांगा.

दुसरं, झोप. ज्याला हा आजार आहे त्याला नाइट मारायला लावू नका. जागरणाने उन्माद सुरू होऊ शकतो. सबमिशनच्या आदल्या रात्री त्याची एक ड्रॉइंग शीट आपण करून दिली तर काही बिघडत नाही. सरांनी हे वाक्य वाचलं नाही असं समजावं.

तिसरं, नैराश्याच्या गोळ्या दुसऱ्याच्या चिठ्ठीवर घेऊ नका. बायपोलरमध्ये नुसत्या त्या गोळ्यांनी उन्माद उसळू शकतो. लिथियम घेणाऱ्याने ट्रेकला भरपूर पाणी प्यावं आणि ब्रुफेनसारखी वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण पाणी कमी पडलं किंवा अशी गोळी घेतली तर रक्तातली लिथियमची पातळी वाढू शकते.

चौथं, कोणी जिवाचं बरंवाईट करायचं बोललं तर त्याला एकटं सोडू नका, लगेच मोठ्यांना सांगा. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६, दिवसरात्र. मराठीतही बोलता येतं.

आणि शेवटचं, जे मला महागात पडलं. गोळ्या बंद कर, चालू ठेव, असा सल्ला आपण द्यायचा नाही. रिपोर्ट हातात घेऊन तर मुळीच नाही. त्या दिवशी फोनवर मी फक्त एवढंच म्हणायला हवं होतं, "डॉक्टरांना विचारलंस का?" त्याच्याशी यावर बोललो तेव्हा तो हसून म्हणाला, "जाऊ दे रे, पुढच्या वेळी विचार." पुढची वेळ येऊ नये म्हणून आता रात्री अकराला आमच्या रूमचा दिवा बंद होतो.

– एक विद्यार्थी, तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन